कोटा संपला, टेल कोरडं : उजनीच्या एका लघु वितरिकेचं प्रकरण

जून २०२४ मध्ये उजनी धरण उणे ६० टक्क्यांच्या घरात गेलं होतं. ऑगस्टमध्ये ते भरलं आणि सोलापूर जिल्ह्याच्या जिवात जीव आला. त्यानंतरच्या रब्बीत, म्हणजे धरण काठोकाठ भरलेलं असताना, मोहोळ तालुक्यातल्या एका लघु वितरिकेच्या, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या कालव्याच्या, टेलला (शेवटच्या टोकाला) ज्वारीला एकही पाणी मिळालं नाही. हुरड्याच्या दिवसांत कणसं पोटऱ्यातच अडकली. हेडच्या, म्हणजे सुरुवातीच्या टोकाच्या, रानात त्याच आठवड्यात उसाला पाणी चालू होतं.

त्या प्रकरणात मी जवळून होतो. शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांच्या दप्तराचं आणि मोजणीचं काम मी बरीच वर्षं करतो. संस्थेचं आणि गावांचं नाव इथे देत नाही, कारण चूक एकट्या त्यांची नव्हती आणि असं प्रकरण दुसऱ्या कुठल्याही वितरिकेवर आजही सापडेल. मला जे सांगायचं आहे ते सरळ आहे. त्या टेलचं पाणी कुणी एकानं चोरलं नव्हतं. ते मापात हरवलं होतं. माप कुठे बिघडलं हे कुणी पाहिलं नाही, म्हणून तीन वर्षं तीन गावं एकमेकांच्या अंगावर धावून गेली.

उजनीचं गणित आधी थोडं सांगतो, नाहीतर टेलवाल्यांचा राग कळणार नाही. माढा तालुक्यात भीमेवर बांधलेलं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला जवळपास ६३.६६ टीएमसी मृतसाठा (उपयुक्त पातळीच्या खालचं पाणी) आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. मृतसाठा उपयुक्त साठ्यापेक्षा मोठा असलेलं हे धरण आहे, म्हणूनच आपल्याकडे 'धरण मायनसमध्ये गेलं' ही भाषा घराघरात बोलली जाते. शून्य टक्क्याला तळ लागत नाही, शून्याखाली अजून अर्ध्याहून जास्त पाणी असतं, आणि त्याच्यावर शहराच्या पिण्यापासून सगळ्यांचा डोळा असतो. पाऊस पडतो तो पुणे जिल्ह्यात. खडकवासला, पवना, चासकमान, डिंभे ही धरणं भरून सांडायला लागली की दौंडची आवक वाढते आणि आपल्याकडे माणसं मोबाईलवर क्युसेकचे आकडे बघत बसतात. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. त्या पावसावर मालदांडी ज्वारी येते, ऊस येत नाही. तरी ऊस आहे, आणि भरपूर आहे. १५ ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे ते पाहून हंगामाचं नियोजन होतं, कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तनं (कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या) ठरतात. तिथून पुढे पाणी मुख्य कालव्यात, शाखा कालव्यात, वितरिकेत, लघु वितरिकेत आणि शेवटी विमोचकातून, म्हणजे वितरिकेच्या काठावरच्या दारातून, शेतचारीत उतरतं. वरच्या टप्प्यांची चर्चा वर्तमानपत्रात होते. शेवटच्या दोन टप्प्यांत काय होतं ते मात्र रात्री दारं धरायला गेलेल्या माणसालाच माहीत.

या लघु वितरिकेवर अकरा विमोचक. तीन गावांची जमीन तिच्याखाली. 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन' हा कायदा २००५ साली आला, त्याखाली इथली संस्था स्थापन झाली. कायद्याची कल्पना चांगली आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो. सरकारनं ठरलेल्या कोट्याचं पाणी संस्थेला मोजून द्यायचं, घनमीटरवर आकारणी करायची, आणि आतलं वाटप शेतकऱ्यांनी स्वतः करायचं. कोणतं पीक घ्यायचं याची मोकळीक. संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल यांना सारखं प्रतिनिधित्व. पूर्वी सात नंबरचा फॉर्म भरायचा, पिकाच्या क्षेत्रावर पाणीपट्टी यायची, आणि एकरभर उसाला कुणी किती पाणी पाजलं याला कुणी विचारत नव्हतं. नाशिक जिल्ह्यात ओझरजवळ वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी १९९०च्या दशकात, कायदा यायच्या आधीच, हे करून दाखवलं होतं. तिथे टेलचा माणूस आधी भिजला.

इथे मात्र टेल कोरडं राहिलं. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज थकलेला होता. "सर, तुम्ही एकदा येऊन जावा. आमच्यात आता बैठक घ्यायची सोय राहिली नाही. टेलवाले म्हणत्यात हेडवाल्यांनी सायफन टाकलेत, हेडवाले म्हणत्यात टेलवाले झोपत्यात. आणि हापिसातले म्हणत्यात तुमचा कोटा संपला, सातव्या दिवशी गेट बंद."

मी सगळ्यात आधी दप्तर मागितलं. रजिस्टर व्यवस्थित होतं. रोज सकाळी आणि संध्याकाळी गेज (पाण्याच्या उंचीची मोजपट्टी) वाचलेलं, कोष्टकावरून विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतं ते, काढलेला, दिवसाचे घनमीटर लिहिलेले, शेवटी बेरीज. सातव्या दिवशी बेरीज कोट्याला टेकली होती. कागद बिनचूक होता, आणि तोच वाचून प्रत्येक जण दुसऱ्याला चोर म्हणत होता. एवढं पाणी वितरिकेत आलं, टेलला पोचलं नाही, म्हणजे मध्ये कुणीतरी मारलं. हिशेब इतका सरळ दिसत असला की माणूस पुढे बघत नाही. मीसुद्धा पहिल्या दिवशी तसंच धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा, टेलचे दोघं संचालक, हेडचे एक आणि मी असे वितरिका पायी चालत निघालो. आवर्तन संपून दोन आठवडे झाले होते, वितरिका कोरडी होती. कुठलीही पाहणी कोरड्या वितरिकेत करावी असं माझं मत आहे. पाणी चालू असताना सगळे पाण्याकडे बघतात, तळाकडे कुणी बघत नाही. पहिल्या शंभर मीटरच्या आत मापाची जागा आली. इथे स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम आहे. वितरिका दोन्ही बाजूंनी आवळत आणलेली, गळ्यासारखा अरुंद भाग, आणि वरच्या अंगाला भिंतीवर रंगवलेली मोजपट्टी.

हे माप कसं चालतं ते इथे सविस्तर सांगायलाच हवं. पाणी अरुंद गळ्यातून जाताना वेग घेतं, गळा ओलांडल्यावर खाली उडी मारतं आणि तिथे फेसाळ उभी लाट तयार होते. ही लाट जोवर दिसते तोवर खालच्या अंगाला काय चाललं आहे याचा वरच्या पातळीवर परिणाम होत नाही. म्हणून फक्त वरच्या बाजूची उंची वाचायची, कोष्टकात बघायची, विसर्ग मिळतो. मात्र खालच्या अंगाला पाणी तुंबलं, पातळी वर चढत गळ्यापर्यंत आली, की लाट बुडते. मग गळ्यातून पाणी हळू सरकतं आणि वरच्या बाजूला फुगतं. मोजपट्टीवर उंची वाढते. कोष्टक त्या उंचीला जास्त विसर्ग सांगतं, आणि प्रत्यक्षात पाणी कमी गेलेलं असतं. आपल्या भाषेत, फ्ल्यूम बुडला की तराजू खोटा बोलायला लागतो, आणि खोटं नेहमी घेणाऱ्याच्या विरुद्ध बोलतो.

त्या फ्ल्यूमच्या काँक्रीटवर शेवाळाची वाळलेली रेघ होती. गळ्याच्या वर एक, गळ्याच्या खाली एक. दोन्ही रेघा मला जवळपास एका पातळीत वाटल्या. डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून गावातल्या गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक वरच्या रेघेला, दुसरं खालच्या रेघेला धरलं. फरक दोन बोटांचा. लाट उठायची तर खालची पातळी बरीच खाली हवी होती. टेलचे संचालक, त्यांना सगळे तात्या म्हणतात, नळीकडे बघत म्हणाले, "म्हंजी पाणी उडी मारतच नव्हतं?" नव्हतं. किती वर्षांपासून, ते त्या शेवाळालाच माहीत.

मग खाली चालत गेलो. फ्ल्यूमपासून चाळीसेक मीटरवर, दुसऱ्या विमोचकाच्या जरा पुढे, वितरिकेत आडवं लावलेलं होतं. दगड, मातीनं भरलेली सिमेंटची पोती, वर लव्हाळा उगवलेला. पोती फाटून माती दगडासारखी झाली होती. त्याच्यामागे गुडघाभर गाळ. काठाला बेशरम माजलेली. हे आडवं एका हंगामाचं नव्हतं.

ते कुणी लावलं हे विचारायची गरज पडली नाही. दुसऱ्या विमोचकाखालचं रान वितरिकेच्या मानानं उंच आहे. पाणी नेहमीच्या पातळीला त्या विमोचकातून नीट शिरत नाही, म्हणून पातळी चढवायला आडवं लावायचं. ते रान एका विधवा बाईंचं. गावात सगळे त्यांना काकू म्हणतात. नवरा असतानाच आडवं लावायला सुरुवात झाली होती, आणि प्रत्येक पाळीनंतर ते काढायचं राहून जायचं. नंतर ते वितरिकेचाच भाग झालं. शेजारच्या हेडवाल्यांनाही त्याचा फायदा होता, पातळी चढली की त्यांच्या विमोचकातून पाणी जोरात निघायचं. म्हणून कुणी हात लावत नव्हतं.

तिथेच बसून सायफनचाही विषय काढला, कारण टेलवाल्यांचा आरोप खोटा नव्हता. पुढच्या टप्प्यात काठावरून आत सोडलेले दोन पाईप आम्हाला सापडले. कुणाचे ते सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही काढले. पण दोन इंच-अडीच इंचाच्या पाईपांनी अख्खं टेल कोरडं पडत नाही, एवढं हेडच्या संचालकांनीही मान्य केलं आणि टेलच्यांनीही. चोरी होती. ती मोठ्या गळतीवर पांघरूण झाली होती.

आता आडवं काढायचं ठरवलं असतं तर मारामारी झाली असती. हेडवाले म्हणाले असते, टेलच्या नादानं आमचं पाणी बंद करताय. पुरावा हवा होता, आणि तो वाहत्या पाण्यात मिळणार होता. म्हणून उन्हाळी आवर्तनाची वाट पाहिली.

आवर्तन सुटलं त्या दिवशी सकाळी फ्ल्यूमवर पंधरा-वीस माणसं जमली. गेट चालवणाऱ्यानं नेहमीप्रमाणे मोजपट्टी ४२ सेंटिमीटरला येईपर्यंत गेट उघडलं. कोष्टकानं सांगितलं, सेकंदाला १५० लिटर. लाट नव्हती. पाणी गळ्यातून तेलासारखं संथ निघून जात होतं.

फ्ल्यूमच्या वर वितरिकेचा सरळ, अस्तरीकरण केलेला भाग होता. तिथे वीस मीटरवर दोन खुंट्या ठोकल्या. तरंगायला संत्री घेतली. संत्रं पाण्यात बऱ्यापैकी बुडून चालतं, वारा त्याला ढकलत नाही, म्हणून कडब्याच्या काडीपेक्षा बरं. शाळेतला एक मुलगा मोबाईलवर वेळ धरायला. पहिलं संत्रं ७८ सेकंद, दुसरं ८१, तिसरं काठाला अडकलं म्हणून सोडून दिलं, चौथं पुन्हा ८१. सरासरी ८० सेकंद धरले. वीस मीटरला ८० सेकंद म्हणजे सेकंदाला २५ सेंटिमीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळातल्या पाण्यापेक्षा वेगानं चालतं, म्हणून ०.८५ नं गुणायचं. पाण्याचा छेद तीन ठिकाणी काठी लावून मोजला होता, सरासरी ०.४८ चौरस मीटर. गुणाकार केला तर सेकंदाला १०२ लिटर.

मोजपट्टी १५० म्हणत होती, संत्री १०२.

तरंग पद्धत ढोबळ आहे, दहा-पंधरा टक्क्यांची चूक तिच्यात सहज होते. पण इथला फरक एक तृतीयांश होता. तो चुकीत झाकला जाणारा नव्हता. मी खडूनं फ्ल्यूमच्या भिंतीवरच पुढचा हिशेब लिहिला, कारण कागदावर लिहिलेलं सगळ्यांना एकदम दिसत नाही. सेकंदाला ४८ लिटरचा फरक. दिवसाला ४,१४७ घनमीटर. एका हेक्टरला १० सेंटिमीटर पाणी द्यायचं तर १,००० घनमीटर लागतात. म्हणजे दिवसाला चार हेक्टरच्या वर, दहा एकर. रब्बीत सातही दिवस असंच चाललं होतं असं धरलं तर २९,००० घनमीटर, सत्तर एकराच्या वर जमिनीला एक पाणी. ते पाणी रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, त्याची पाणीपट्टी लागली, कोट्यातून ते वजा झालं, आणि वितरिकेत ते कधी आलंच नव्हतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग हेडचे एक शेतकरी, जे रब्बीत तात्यांशी बांधावर हमरीतुमरीवर आले होते, खाली बसून खडूचा आकडा पुन्हा वाचत म्हणाले, "तात्या, ह्ये पाणी मी न्हाई प्यालो." तात्या म्हणाले, "मला आता दिसतंय ना."

त्याच दिवशी संस्थेनं संबंधित कार्यालयाला लेखी पत्र दिलं. दुसऱ्या दिवशी शाखा अभियंता आले. गावात त्यांना रावसाहेबच म्हणतात. त्यांनी करंट मीटर, म्हणजे पाण्याचा वेग मोजायचं यंत्र, आणला होता. संयुक्त मोजणी झाली, पंचनाम्यासारखा कागद झाला. करंट मीटरचा आकडा आमच्या संत्र्यांपेक्षा थोडा जास्त निघाला, पण मोजपट्टीच्या जवळपासही नव्हता. रावसाहेब मोकळेपणानं बोलले. फ्ल्यूम बुडलेला दिसतो आहे, नोंद घेतो, म्हणाले. मागची बिलं दुरुस्त होण्याचा विषय निघाला तेव्हा मात्र गप्प झाले. ती दुरुस्ती आजपर्यंत झालेली नाही. संस्थेकडे वितरिका हस्तांतरित झाली आहे, गाळ काढणं संस्थेचं काम, असं उत्तर आलं. ते चूकही नाही. पण बुडालेल्या फ्ल्यूमवर रोज दोन वेळा येऊन आकडा लिहून नेणाऱ्यालाही लाट दिसत नसेल तर ते काम अर्धंच राहतं, असं मला वाटतं. मोजणारा आणि घेणारा, दोघांनीही लाट आहे की नाही हे बघायचं असतं. कोष्टकाचा पहिला नियम तोच आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता गेट बंद केलं. चार तास मागितले होते. वीसेक माणसं फावडी, घमेली घेऊन उतरली, हेडची, मध्यातली, टेलची सगळी. दगड काठावर रचले, पोती ओढून काढली. गाळ उपसताना कुणाचीतरी हरवलेली विळी निघाली, तिच्या मुठीवरून मालक ओळखला गेला. बेशरम मुळापासून उपटायला वेळ लागला. साडेदहाला गेट पुन्हा उघडलं, आधीच्या खुणेपर्यंतच.

मोजपट्टी ३३ ला थांबली. पाणी तेवढंच, मोजपट्टी नऊ सेंटिमीटरनं खाली. आणि गळ्याच्या खाली पाणी उडी मारायला लागलं. फेस, आवाज, उभी लाट. तात्या काठावर उकिडवे बसून तिच्याकडे बघत होते. त्यांनी मुलाला हाक मारून बोलावलं आणि बोट दाखवलं, "ही बघ. ही दिसत न्हाई तवर सही करायची न्हाई." मग गेट चालवणाऱ्यानं मोजपट्टी पुन्हा ४२ ला येईपर्यंत गेट उघडलं. आता १५० म्हणजे खरंच १५० होतं.

इथून पुढे वाटपाचा विषय सुटायला सोपा गेला. शेजपाळीचा, म्हणजे पाणी पाळीपाळीनं घ्यायचा, जुना नियम टेलकडून हेडकडे यायचा आहे. या वितरिकेवर तो कधीच मोडला होता. पाणी टेलला पोचायला वेळ लागायचा, मध्ये जिरायचं, हेडवाल्यांना धीर नसायचा, म्हणून 'येईल तसं घ्यायचं' असा रिवाज पडला. कोटा कागदावर लवकर संपत असल्यामुळे ज्याचा नंबर शेवटी त्याचं नशीब फुटकं. हेडवाल्यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण कोटा खरा किती ते माहीत नसताना शेवटचा नंबर घ्यायला कोण तयार होईल? आता आठवडाभर किती घनमीटर येणार आणि आपल्या वाट्याला किती तास येणार हे आधीच सांगता यायला लागलं, तेव्हा हेडचे संचालक स्वतःहून म्हणाले, टेलपासून सुरू करा.

आकडा आधी कळण्याचं एक बाहेरचं उदाहरण देतो. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये १९३७ साली जलसंधारण जिल्ह्यांचा, म्हणजे पाणी सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थांचा, कायदा झाला. त्याखाली उत्तर कोलोरॅडोत जो जिल्हा स्थापन झाला, तो डोंगराच्या पलीकडचं पाणी २१ किलोमीटरच्या बोगद्यातून अलीकडच्या कोरड्या बाजूला आणतो. पाण्याचे ३,१०,००० हिस्से आहेत. दर वर्षी एप्रिलमध्ये मंडळ जाहीर करतं की यंदा एका हिश्श्याला किती टक्के पाणी मिळेल. शेतकरी तो टक्का ऐकून पेरणी ठरवतो. मला त्यातलं आपल्या कामाचं एवढंच वाटतं, की आकडा आधी कळतो आणि त्या आकड्यावर माणसं विसंबून राहतात. पुण्यातला पाऊस सोलापूरच्या रानात आणणारी आपली व्यवस्था त्याच जातीची आहे. आपल्याकडे १५ ऑक्टोबरचा साठा कळतो, आवर्तनांची संख्या कळते, पण विमोचकाच्या तोंडाशी आकडा पोचेपर्यंत त्याच्यावरचा विश्वास उडालेला असतो.

त्या आवर्तनात टेलच्या शेवटच्या विमोचकाला पाणी पोचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. उन्हाळी पाणी, ज्वारी कधीच काढून झालेली. तात्यांनी ते कडवळाला आणि थोड्या भुईमुगाला दिलं. ज्वारीचं नुकसान त्यानं भरून निघालं नाही.

राहिल्या काकू. आडवं निघालं आणि त्यांच्या विमोचकातून पाणी शिरायचं बंद झालं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट ही आहे, आणि बैठकीत ती सगळ्यात शेवटी आली. बरोबर माप सगळ्यांना हवं होतं, त्याची किंमत एका उंच रानानं मोजली. काकू बैठकीला आल्या होत्या, दाराशी बसल्या होत्या. "माझं रान उंच हाय त्यात माझी काय चूक? तुमी समद्यांनी मिळून माझी पाळी काढली," म्हणाल्या. कुणाकडे उत्तर नव्हतं. विमोचक खाली सरकवायचा तर त्यांचं रान तिथे संपतं, वर सरकवायचा तर तो फ्ल्यूमच्या वर जातो आणि मापाबाहेर पडतो. शेजाऱ्याच्या बांधावरून शेतचारी काढायची तर शेजारी तयार नाही, त्याच्या जमिनीला आधीच पाझर लागून एक कोपरा चिबड झाला आहे.

शेवटी ठराव झाला की काकूंनी त्यांच्या पाळीच्या तासांत वितरिकेवर लहान मोटार लावावी, तास रजिस्टरला लिहावेत, आणि विजेचा खर्च धरून त्यांची पाणीपट्टी संस्थेनं कमी करावी. मी तेव्हा या ठरावाच्या बाजूनं बोललो, पण तो पुरेसा नाही हे मला तेव्हाही वाटत होतं. शेतीची वीज एका आठवड्यात दिवसा असते, दुसऱ्या आठवड्यात रात्री. पाळी रात्रीच्या आठवड्यात आली तर काकूंनी रात्री एक वाजता मोटार घेऊन वितरिकेवर उभं राहायचं. पहिल्या पाळीला नेमकं तसंच झालं. त्या रात्री तात्यांचा मुलगा बॅटरी घेऊन त्यांच्या सोबतीला गेला होता.

आता रजिस्टरला रोज तीन सह्या असतात, हेडची, मध्याची, टेलची. विसर्गाच्या रकान्याशेजारी आबांनी पेनानं एक नवा रकाना आखला आहे, 'लाट'. त्याच्यात फक्त 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं. 'नाही' लिहिलं असेल तर त्या दिवसाचा आकडा कार्यालयाला मान्य नाही असं कळवायचं, असा संस्थेचा ठराव आहे. काकूंच्या पाळ्या वीज दिवसा असलेल्या आठवड्यातच बसवाव्यात, हा विषय येत्या बैठकीत घ्यायचा आहे. पाळीपत्रक त्यासाठी अख्खं फिरवावं लागेल. मध्यातल्या दोघांनी अजून होकार दिलेला नाही.